टीव्ही एकच, खेळणारे पाच

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

वाचक ३९ वर्षांचे, नाशिकला कारखान्यात नोकरी. घरात पत्नी, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले वडील. कॉलेजच्या दिवसांत मित्रांबरोबर सायबर कॅफेत 'जीटीए' (ग्रँड थेफ्ट ऑटो) या व्हिडिओ गेम मालिकेतला 'व्हाइस सिटी' खेळण्यात कित्येक दुपारी गेल्या. आता 'जीटीए ६' येतो आहे आणि तोही त्याच शहरात परतणारा, म्हणून दिवाळीच्या बोनसमधून प्लेस्टेशन ५ (टीव्हीला जोडून गेम खेळायचे मशीन, म्हणजे कन्सोल) घ्यायचे मनात आहे. तयारी ६० हजारांची. घरी 'मुलांसाठी घेऊ, सगळे मिळून खेळू' असे सांगून झाले आहे. पण कामावरचा एकजण म्हणतो पीसी घ्या, दुसरा म्हणतो एक्सबॉक्स. मैत्रिणीकडे निन्टेन्डो स्विच पाहिल्यापासून मुलगी त्याचाच हट्ट धरून बसली आहे. पुण्याचा भाचा पीसीवर खेळतो आणि 'मामा, आपण ऑनलाइन एकत्र खेळू' म्हणतो. पत्नीला यात रस नाही. वडील म्हणतात, ऑनलाइन गेमवर सरकारने बंदी घातली असताना हे घरात कशाला? हॉलमध्ये टीव्ही एकच आहे. वाचक विचारतात: 'ताई, येणारे नवे गेमही खेळता येतील आणि घरचेही सगळे खेळतील असा कोणता कन्सोल घेऊ? एकदाच घ्यायचा आहे, चूक व्हायला नको.'

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात मशीन चार आहेत आणि माणसे सहा. मशीनबद्दल तुम्ही भरभरून लिहिले आहे, माणसांच्या वाट्याला एकेक ओळ आली आहे. मी माणसांपासून सुरुवात करते. मशीन त्यातूनच ठरेल असे मला वाटते.

आधी तुमच्याबद्दल. 'जीटीए ६' तुम्हाला स्वतःसाठी हवा आहे. पत्रातल्या सायबर कॅफेच्या ओळी वाचताना ते लगेच कळते. चार मित्रांनी मिळून तासाचे पैसे भरायचे, एकाने खेळायचे आणि तिघांनी खुर्चीमागे उभे राहून 'डावीकडे घे, पोलीस आले' म्हणून ओरडायचे. ते शहर पुन्हा बघावेसे वाटणे अगदी साहजिक आहे. घराचे हप्ते, मुलांच्या फिया आणि वडिलांची औषधे सांभाळणाऱ्या माणसाने वर्षातून एक हौस स्वतःसाठी करावी, हे मला मनापासून पटते.

पण घरात तुम्ही ही हौस 'मुलांसाठी' या नावाने मांडली आहे, आणि पुढच्या सगळ्या अडचणी मला तिथूनच सुरू होताना दिसतात. हा गेम मुलांचा नाही. या मालिकेचा मागचा, म्हणजे पाचवा भाग युरोपात १८ आणि अमेरिकेत १७ वर्षांवरच्यांसाठी असे मानांकन घेऊन विकला गेला. त्यात मारामारी, नशा, शिव्या, नको ती दृश्ये असे सगळे आहे. सहावा भाग याहून सौम्य असेल असे समजण्याचे काही कारण दिसत नाही. सहा वर्षांचा मुलगा ज्या हॉलमध्ये दिवसभर बागडतो, तिथे तो दिवसा लावता येणार नाही. मग कन्सोल घरात आल्यावर मुले विचारणारच, 'बाबा, आमचा गेम कुठला?' आणि 'मुलांसाठी' आणलेली वस्तू रात्री अकरानंतर फक्त तुमच्याच हातात दिसू लागली, तर तुमच्या पत्नीच्या मनात काय येईल याचा विचार करा. तिचा विश्वास उडाला तर ते साठ हजारांपेक्षा महाग पडेल.

म्हणून पहिली गोष्ट, आणि याला एक रुपयाही लागत नाही. आज-उद्या जेवणे झाल्यावर तिला सरळ सांगा, 'एक गेम मला माझ्यासाठी खेळायचा आहे. आणि घरात सगळ्यांनी मिळून खेळायलाही काहीतरी आणावे असे वाटते.' हे दोन वेगळे हिशेब आहेत. दोन्हींचे उत्तर एकाच मशीनमध्ये सापडेलही, पण ते गृहीत धरू नका.

आता तुमचा हिशेब. 'जीटीए ६' चा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. तेव्हा २०२५ म्हटले होते. मग २६ मे २०२६ अशी तारीख दिली आणि मग ती १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे बोनस आणि गेम यांच्यात जेमतेम अकरा दिवसांचे अंतर राहते. योग छान आहे, फक्त त्यावर सगळा डाव लावू नका. ज्या गेमची तारीख दोनदा पुढे गेली आहे, त्याच्यासाठी आधीपासून मशीन आणून ठेवण्यात काही मिळवायचे नाही. गेम आल्यानंतरही दुकानात कन्सोल मिळतोच.

हा गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी जाहीर झाला आहे. पीसीसाठी जाहीर झालेला नाही. हा गेम बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास पाहिला तर पाचवा भाग कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला. त्यांचाच 'रेड डेड रिडेम्प्शन २' कन्सोलवर ऑक्टोबर २०१८ ला आणि पीसीवर साधारण वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ ला. तेव्हा पीसी घ्या म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याचे बाकीचे मुद्दे बरोबर असतील, पण या एका गेमसाठी पीसी घेणे म्हणजे वर्ष-दीड वर्ष वाट पाहण्याची तयारी ठेवणे.

'एकदाच घ्यायचा आहे, चूक व्हायला नको' ही तुमची धास्ती मला समजते. साठ हजार ही लहान रक्कम नाही. पण इथे तुम्ही दहा वर्षांपूर्वीचे जग डोळ्यांपुढे ठेवून विचार करता आहात. तेव्हा चुकीचा कन्सोल घेतला की काही गेम कायमचे हातचे जात. आता त्या भिंती बऱ्याच खाली आल्या आहेत. २००१ मध्ये ज्या 'हेलो' या गेमच्या जोरावर पहिला एक्सबॉक्स विकला गेला, त्याच 'हेलो' ची नवी आवृत्ती प्लेस्टेशन ५ साठी जाहीर झाली आणि एका टीव्हीवर पडदा दुभागून दोघांनी खेळण्याची सोय त्यात ठेवली गेली. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचा 'स्पायडर-मॅन २' ऑक्टोबर २०२३ ला फक्त प्लेस्टेशनवर होता, तो जानेवारी २०२५ मध्ये पीसीवर आला. म्हणजे आज निवड थोडी चुकली तर बहुतेक वेळा गेम उशिरा मिळेल इतकेच. याला मोठा अपवाद एकच, निन्टेन्डो. मारिओ आणि मंडळी त्यांच्याच मशीनवर राहतात. तुमची मुलगी नेमका तोच मागते आहे, आणि तिचे म्हणणे मला तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांपेक्षा जास्त लक्ष देण्यासारखे वाटते. त्याकडे येतेच.

त्याआधी 'सगळे मिळून खेळू' या तुमच्या शब्दांजवळ थोडे थांबू या.

आमच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम सुट्टीत कोणाच्या तरी घरी यायचा. कॅसेट फुंकून लावायची, पिवळी-लाल वायर हलवून चित्र आणायचे. 'मारिओ' दोघांत खेळायचो तेव्हा पहिला मरेपर्यंत दुसऱ्याने नुसते बघायचे. आणि पहिला नेहमी माझा मोठा भाऊ असायचा. तो इतका चांगला खेळायचा की माझी पाळी दहा-दहा मिनिटे यायची नाही, आणि आली की चौथ्या सेकंदाला मी खड्ड्यात. मग तो म्हणायचा, 'आण इकडे, मी दाखवतो.' पुढे 'काँट्रा' मिळाला. त्यात दोघांना एकाच वेळी खेळता यायचे. त्या सुट्टीत मी रोज खेळले. माझी गोडी तीच होती, गेमची मांडणी बदलली होती.

तुमच्या पत्नीला 'रस नाही' असे तुम्ही लिहिता. कधीपासून नाही आणि कशात नाही, हे विचारून पाहिले आहे का? ज्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नाही त्यांच्यासाठी आजचे मोठे गेम अतिशय अवघड असतात. डाव्या अंगठ्याने चालायचे, उजव्याने मान फिरवायची, दोन्ही एकाच वेळी, आणि वर दहा बटणे. माझ्या आईला मी एकदा असा गेम दिला. पाच मिनिटे ती आकाशाकडे बघत भिंतीवर धडका देत राहिली आणि मग 'मला नाही आवडत हे' म्हणून उठली. पुढच्या वेळी मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. त्यात गाडी आपोआप पुढे जाते आणि रस्ता सोडू लागली की स्वतःच सावरते. खेळणाऱ्याने फक्त वळवायचे. आई दीड तास उठली नाही. 'आवडत नाही' चा अर्थ पुष्कळदा 'मला जमत नाही आणि सगळे बघताहेत' असा असतो. चाळिशीच्या माणसांना लहान मुलांसमोर हरायला संकोच वाटतो, आणि वडीलधाऱ्यांना त्याहून जास्त.

म्हणून घरासाठी गेम निवडताना चित्र किती सुंदर आहे, नवा आहे की जुना, याने फारसे काही ठरत नाही. न खेळणारा माणूस दहा मिनिटांत रमतो का, सहा वर्षांचा आणि सत्तरीचा एकाच वेळी खेळू शकतात का, हरल्यावर लगेच दुसरा डाव मिळतो का, एवढे बघा. कॅरममध्ये हे सगळे आहे, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकला. 'ओव्हरकुक्ड' नावाचा २०१६ चा एक गेम आहे. चार स्वयंपाकी, एक स्वयंपाकघर, बाहेरून ऑर्डरी येताहेत. एकाने चिरायचे, दुसऱ्याने शिजवायचे, तिसऱ्याने ताटे धुवायची. पंगतीच्या वेळी लग्नघराच्या मुदपाकखान्यात जो गोंधळ असतो, तसाच. हा घरात लावला की साधारण दुसऱ्या दिवशी घरातली जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तीच बाकीच्यांना सूचना देऊ लागते. 'रेमन लेजेंड्स' हा २०१३ चा, चौघांनी एकत्र उड्या मारत जायचा गेम. चित्रे देखणी, आणि एखादा पडला तर बाकीचे त्याला परत आणतात, त्यामुळे लहान मुले रडत नाहीत.

आता निन्टेन्डो. केवळ 'घरच्यांनी मिळून' हाच प्रश्न असता तर मी डोळे मिटून स्विच म्हटले असते. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' एका पडद्यावर चौघांना खेळता येतो, आणि माझ्या आईला आवडला तो गाडी सावरून घेणारा गेम हाच. सोबत येणारा कंट्रोलर दोन भागांत सुटतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून दोघेजण खेळू शकतात. शिवाय मशीनलाच पडदा आहे. संध्याकाळी सात ते दहा तुमचे वडील बातम्या आणि मालिका बघत असतील, तर टीव्हीला हात न लावता मुले दुसऱ्या खोलीत खेळू शकतात. एकच टीव्ही असलेल्या घरात ही फार मोठी सोय आहे. जून २०२५ मध्ये स्विच २ आला. जुन्या स्विचचे बहुतेक गेम त्यावर चालतात.

अडचण अशी की निन्टेन्डोची आपल्याकडे अधिकृत विक्री नाही. इथे मिळतात ते आयात केलेले, दुकानागणिक किमती वेगळ्या, आणि बिघडला तर कंपनीची वॉरंटी इथे लागू होत नाही. दुकानदार जे देईल ते. ऑनलाइन दुकान रुपयांत नाही, दुसऱ्या देशाचे खाते काढावे लागते. गेमही सहसा स्वस्त होत नाहीत. आणि 'जीटीए ६' त्याच्यासाठी जाहीर झालेला नाही. मुलीला हे सगळे समजावून सांगा. अकरा वर्षांच्या मुलीला 'नाही' पेक्षा 'का नाही' ऐकायचे असते, आणि कारणे खरी असली तर तिला ती कळतात. मैत्रिणीकडे तिला नक्की काय आवडले तेही विचारा. मशीन आवडले, तो एक गेम आवडला, की मैत्रिणीशेजारी बसून खेळणे आवडले? तिसरे असेल तर ते तुमच्या घरातही देता येईल.

एक्सबॉक्सबद्दल थोडक्यात. सिरीज एस त्यातल्या त्यात स्वस्त पडतो आणि 'जीटीए ६' त्यावरही येणार आहे. पण त्यात डिस्क चालत नाही आणि साध्या आवृत्तीची साठवण ५१२ जीबी आहे. मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात. त्याचे मोठे आकर्षण म्हणजे गेम पास, महिन्याचे पैसे भरा आणि शेकडो गेम खेळा. मुलांना नवेनवे चाखून बघायला ते उत्तम. पण वर्गणीची किंमत आपल्या हातात नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत सगळ्यात वरच्या योजनेचा दर महिना १९.९९ डॉलरवरून एकदम २९.९९ वर गेला. ठरलेल्या पगारात घर चालवणाऱ्याने असा चढता खर्च मागे लावून घेण्याआधी दहादा विचार करावा, असे माझे मत आहे.

भाच्याचे आमंत्रण मात्र गोड आहे, ते सोडू नका. फक्त एक गैरसमज दूर करते. दोघांकडे एकच गेम असला म्हणजे एकत्र खेळता येतेच असे नाही. तो पीसीवर, तुम्ही प्लेस्टेशनवर, तर त्या गेममध्ये दोन्हींना जोडणारी क्रॉसप्ले ही सोय असायला हवी. 'माइनक्राफ्ट' मध्ये आहे, 'फोर्टनाइट' मध्ये आहे, 'रॉकेट लीग' मध्ये आहे. 'जीटीए ५' च्या ऑनलाइन खेळात ती नव्हती. तेव्हा कोणताही गेम 'भाच्याबरोबर खेळायला' म्हणून घेण्याआधी हे एवढे बघून घ्या. दुसरे, प्लेस्टेशनवर विकत घेतलेले गेम इतरांशी ऑनलाइन खेळायचे तर साधारणपणे प्लेस्टेशन प्लसची वर्गणी वेगळी लागते. 'फोर्टनाइट' सारख्या फुकट गेमना लागत नाही, आणि एका सोफ्यावर बसून खेळायला तर मुळीच लागत नाही.

तुमच्या वडिलांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, आणि त्यांनी बातम्यांत ऐकले ते बरोबर आहे. बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, आणि पैज नसलेले खेळ त्या बंदीत येत नाहीत. हे त्यांना नीट, वेळ काढून सांगा. पण त्यांच्या भीतीत तथ्यही आहे. अनेक लोकप्रिय गेममध्ये पैसे देऊन पेटी उघडायची आणि नशिबात असेल ते मिळवायचे, असा प्रकार असतो. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची पाकिटे अशीच विकतात. म्हणून कन्सोल आला तर आपले कार्ड त्यात साठवून ठेवू नका. मुलांची खाती 'मूल' म्हणूनच काढा. वयाप्रमाणे गेम बंद ठेवणे, दिवसाचा वेळ आणि महिन्याचा खर्च या मर्यादा पालकांना ठरवता येतात. तुमच्या स्वतःच्या खात्याला पासवर्ड घाला, नाहीतर मुलांवरच्या मर्यादांचा काही उपयोग नाही. हे करताना वडिलांना शेजारी बसवा. त्यांची काळजी कोणीतरी मनावर घेतली हे त्यांना दिसू द्या. आणि नंतर गाड्यांच्या शर्यतीला त्यांनाही बोलवा.

आता पैसे. प्लेस्टेशन ५ ची स्लिम आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० रुपये होती आणि बिनडिस्कवाल्याची ४४,९९०. आजचा भाव दुकानात विचारा. पण हिशेब कसा वाढतो ते बघा. खोक्यात कंट्रोलर एकच येतो. दुसरा घ्यायचा तर सहा हजारांच्या आसपास. मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात. म्हणजे ज्या दिवशी दोघेजण खेळायला बसतील त्या दिवशी तुमचे साठ हजार ओलांडलेले असतील, आणि मुलांचा गेम अजून आलेलाच नसेल. घेतलाच तर डिस्कवाला घ्या, हे मी ठासून सांगते. डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते, जुनी अर्ध्या किमतीत मिळते. वर्षाला तीन-चार गेम घेणाऱ्या घरात दोन वर्षांत फरक भरून निघतो. बिनडिस्कवाला घेऊन नंतर ड्राइव्ह जोडण्याची सोय स्लिममध्ये आहे, पण तो खर्च वेगळा.

हे सगळे मांडून झाल्यावर माझा सल्ला असा. या महिन्यात कन्सोल घेऊ नका. प्लेस्टेशन ५ चे कंट्रोलर तेवढे घ्या, दोन. ते ब्लूटूथने किंवा वायरने लॅपटॉपलाही चालतात, आणि पुढे प्लेस्टेशन ५ घेतला तर त्यालाही चालतील, म्हणजे एक पैसाही वाया जात नाही. घरात लॅपटॉप असेलच. पाच-सहा वर्षांचा असला तरी हरकत नाही. एचडीएमआय केबलने तो टीव्हीला जोडा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात खाते काढा, तिथे किमती रुपयांत असतात आणि जुने गेम सेलमध्ये पुष्कळ उतरतात. मी वर सांगितलेले 'ओव्हरकुक्ड' आणि 'रेमन लेजेंड्स' हे दोन्ही गेम हलके आहेत. आणि लॅपटॉपला एखादा झेपला नाही, तर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात एकदा डाउनलोड सुरू केला की ही मुभा साधारणपणे राहत नाही, म्हणून चाखून बघायचे ते इथेच. भाच्याबरोबर रविवारी खेळायलाही हाच रस्ता सोपा आहे. स्टीमवर 'रिमोट प्ले टुगेदर' ही सोय आहे. एका सोफ्यावर खेळायचा गेम एकाकडे असला की दुसरा पुण्यातून इंटरनेटवर सामील होतो, त्याला विकत घ्यावा लागत नाही. दोन्हीकडचे इंटरनेट बरे हवे, एवढेच.

महिनाभर शनिवार-रविवार असे करा आणि नुसते बघा. कोण आपणहून येऊन बसते? कोण दहा मिनिटांत उठते? टीव्हीसाठी वडिलांशी ओढाताण होते का? मुलगी भावाला सांभाळून घेते की दोघे भांडतात? ही माहिती तुम्हाला कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

दिवाळी येईपर्यंत उत्तर बरेचसे तुमच्यासमोर असेल. घर खेळायला लागले असेल आणि तुम्हालाही तुमचा गेम हवाच असेल, तर प्लेस्टेशन ५, डिस्कवाला. कंट्रोलर तुमच्याकडे असतीलच. दिवाळीच्या सुमारास सवलती लागतात, त्यावर नजर ठेवा. त्या मशीनवर 'ॲस्ट्रोज प्लेरूम' हा छोटा, गोड गेम आधीपासून फुकट असतो. मुलाला पहिल्या दिवशी तोच द्या. तुम्हा नवराबायकोसाठी, मुले झोपल्यावर, 'इट टेक्स टू' ठेवा. २०२१ चा हा गेम दोघांशिवाय खेळताच येत नाही. काडीमोडाच्या उंबरठ्यावरचे जोडपे बाहुल्या होऊन जाते आणि एकमेकांच्या मदतीशिवाय त्यांना पुढे सरकता येत नाही, अशी त्याची गोष्ट आहे. मुलीला मात्र लगेच दाखवू नका. युरोपात तो १२ वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि त्यात खेळण्यातल्या हत्तीचा एक प्रसंग मोठ्यांच्याही पोटात कालवणारा आहे.

घर रमले ते मारिओसारख्याच खेळांत, वडील आणि मुलगा सगळ्यात पुढे, आणि टीव्ही मोकळा मिळतच नाही असे दिसले, तर मुलीचे ऐका. आयातीची जोखीम समजून, ओळखीच्या दुकानातून, पक्के बिल घेऊन स्विच आणा. 'जीटीए ६' साठी मग तुम्हाला थांबावे लागेल. पाचव्या भागानंतर तेरा वर्षे थांबला आहात. आणखी एक-दोन वर्षांनी तो स्वस्त मिळेल आणि कदाचित पीसीवरही आलेला असेल.

आणि महिनाभरात कोणीच रमले नाही, तर तेही वाईट नाही. मग बायकोला सांगून, उघडपणे, स्वतःसाठी कन्सोल घ्या. रात्री साडेदहानंतर कंट्रोलरलाच हेडफोन लावून खेळा. त्याला साधी पिन बसते. दाराशी सहा वर्षांचा मुलगा पाणी प्यायला उठून उभा राहिला तर पडदा थांबवा आणि 'हा मोठ्यांचा आहे, तुझा उद्या' असे सांगून त्याला झोपवून या. लपवू मात्र नका. मुलांना लपवलेल्या गोष्टीचेच कुतूहल जास्त असते.

रविवारी पहिल्यांदा लॅपटॉप टीव्हीला जोडाल तेव्हा पहिला कंट्रोलर पत्नीच्या हातात द्या आणि दुसरा मुलाच्या. तुम्ही आणि मुलगी मागे बसा. पत्नी चुकेल, पडेल, तिचा पदार्थ करपेल. मदत मागितली तर तोंडाने सांगा, पण कंट्रोलर तिच्या हातातून घेऊ नका.